इंग्रजीतील जोडक्रियापदे आणि आपला रोजचा व्यवहार



वसंतातल्या व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो मजुरीवर, महागाईवर किंवा संपावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज व्याकरणावर बोलणार आहोत, तेही इंग्रजीच्या. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. जे काही इंग्रजी आले ते कारखान्याच्या फाटकावर लावलेल्या नोटिसा, कायद्याची पुस्तके आणि न्यायालयाचे निकाल वाचता वाचता आले. त्या वाचनात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती अशी की, साध्या माणसाला इंग्रजीतले मोठे शब्द फसवीत नाहीत. मोठा शब्द समोर आला की माणूस थांबतो, कोणाला तरी विचारतो, कोश उघडतो. फसवतात ते लहान शब्द. अप, ऑफ, आउट, डाउन, ओव्हर, इन हे शब्द पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतात, म्हणून त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. आणि नेमके तेच शब्द क्रियापदाच्या पाठीमागे जाऊन बसले की वाक्याचा अर्थ पालटून टाकतात.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. इंग्रजीत एखादे साधे क्रियापद घ्यावे आणि त्याच्या मागे एक लहानसे अव्यय जोडावे, म्हणजे पुष्कळदा तिसराच अर्थ जन्माला येतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे नव्हे, तर सोडून देणे. ‘लुक’ म्हणजे पाहणे आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे नंतर पाहणे नव्हे. आपल्याकडे ‘नंतर पाहू’ म्हटले म्हणजे काम टाळणे होते. इंग्रजीत ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणे, अगदी उलट. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे आग विझविणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणे. मूळ ‘पुट’ म्हणजे ठेवणे, एवढे ठाऊक असून यांतल्या एकाचाही उलगडा होत नाही.

डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केले की, क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अधिक अडचणीची आहे. या रीतीला आज ‘फ्रेझल व्हर्ब’ असे नाव आहे. ते लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली आपल्या पुस्तकातून रूढ केले. आम्ही त्यास जोडक्रियापद म्हणू. जोड म्हणजे दोन वस्तू शेजारी ठेवणे नव्हे, तर दोहोंची मिळून एक वस्तू करणे. हा अर्थ मनात धरला म्हणजे पुढचे सारे सोपे जाते.

हा प्रकार आपणांस परका वाटतो, पण तो आपल्या घरातलाच आहे. संस्कृतात ‘हृ’ धातूच्या आधी निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे शब्द होतात आणि मारण्यापासून जेवण्यापर्यंत अर्थ फिरतो, हे उदाहरण वैयाकरण पूर्वीपासून देत आले आहेत. संस्कृताने जे धातूच्या पुढे लावले ते इंग्रजीने मागे लावले, इतकाच फरक. मराठीने तिसरा मार्ग धरला. तिने एका क्रियापदाच्या मागे दुसरे क्रियापद जोडले. लिहिणे ही एकच क्रिया. पण लिहून घेणे, लिहून देणे, लिहून काढणे, लिहून ठेवणे आणि लिहून टाकणे या पाच गोष्टी पाच आहेत. सावकाराने लिहून घेतले आणि शेतकऱ्याने लिहून दिले, या दोन क्रियापदांत जमीन या हातातून त्या हातात जाते. आपल्यापैकी ज्याला अक्षरओळखही नाही त्यालासुद्धा ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांतला हा फरक शिकवावा लागत नाही. ‘तो पैसे हरवून बसला’ यातला ‘बसला’ ऐकून कोणी त्याला उभा राहा म्हणत नाही.

आणि आपण केळापूर-पांढरकवड्याकडची माणसे तर या बाबतीत जरा अधिकच जाणकार असावयास हवीत. आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘काय करून राहिला?’ असे विचारतात आणि ‘जेवून राहिलो’ असे उत्तर मिळते. म्हणजे जेवण चालू आहे, ताटावरून उठलेला नाही. हेच उत्तर पुण्याच्या माणसाने ऐकले तर त्याला वाटते, हा गृहस्थ जेवण आटोपून तेथेच मुक्कामाला राहिला. शब्द दोन्हीकडे मराठीच. ‘जेवणे’ तेच आणि ‘राहणे’ तेच. पण जोड कोठे आणि कशी रूढ झाली यावर अर्थ ठरला. आपल्या तालुक्यात मराठीच्या शेजारी तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडतात. एका वाक्याचे दुसऱ्या भाषेत सुटे सुटे शब्द लावून भाषांतर होत नाही, हे बाजारात सौदा करणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने कळलेले आहे. तोच अनुभव इंग्रजीच्या दाराशी मात्र आपण विसरतो.

का विसरतो? त्याचे कारण इंग्रजी आपल्याकडे कोणत्या वाटेने आले यात आहे. इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मन लोकांनी स्वारी केली. त्यानंतर काही शतके दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच, धर्माची आणि विद्येची लॅटिन, आणि शेतात राबणाऱ्याची तेवढी जुनी इंग्रजी, अशी वाटणी राहिली. पुढे सर्वांचे मिश्रण झाले, पण दोन थर अजून दिसतात. एकाच गोष्टीला वरच्या थरातला एक भारी शब्द आणि खालच्या थरातले एक जोडक्रियापद. ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’, ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, ‘इन्व्हेस्टिगेट’ आणि ‘लुक इन्टु’, ‘डिस्कव्हर’ आणि ‘फाइंड आउट’. आपल्याकडेही ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’, ‘अन्वेषण’ आणि ‘शोध’ अशा जोड्या आहेतच. इंग्लंडमधला गिरणीकामगार घरी आईच्या तोंडून खालचा थर आधी शिकतो आणि वरचा शाळेत. आपल्याकडे १८३५ साली मेकॉलेचा खलिता निघाला आणि इंग्रजी आले ते कचेरी, न्यायालय आणि पाठ्यपुस्तक यांच्या वाटेने. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून पिढ्यान्‌पिढ्या तयार झाल्या. त्या पाठमालेचे ऋण मोठेच आहे. परंतु घोकून आलेले इंग्रजी वरच्या थराचे. त्यामुळे आमचा पदवीधर ‘पोस्टपोन’ अचूक लिहितो आणि ‘पुट ऑफ’ ऐकून गोंधळतो. घराच्या पायऱ्या न चढता आपण थेट माडीवर जाऊन बसलो, असा हा प्रकार झाला.

सी. के. ऑग्डेन या इंग्रज पंडिताने १९३० साली ८५० शब्दांची एक ‘बेसिक इंग्लिश’ तयार केली. जगातल्या कोणालाही थोडक्यात शिकता यावी असा तिचा हेतू होता. तीत क्रियापदे ठेवली अवघी अठरा. मग बाकीची शेकडो क्रियापदे गेली कोठे? ती या अठरांच्या मागे अव्यये जोडून भागविण्यात आली. शब्दांची यादी लहान झाली खरी, पण जोडांचा अर्थ शिकणाऱ्याला वेगळा शिकावाच लागला. सोप्या दोन शब्दांची बेरीज सोपी असतेच असे नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आता हे शब्द आपल्या तोंडी कसे बसले आहेत ते पाहू. आपण म्हणतो की आम्हांस इंग्रजी येत नाही; पण सकाळपासून रात्रीपर्यंत किती जोडक्रियापदे वापरतो याची मोजदाद करा. दवाखान्यात चेकअप, नाटकात मेकअप, वरातीला पिकअप गाडी, वाटेत ब्रेकडाउन, कॉलेजात कटऑफ, विधानसभेत वॉकआउट, संगणकात बॅकअप, दुकानात प्रिंटआउट. हे सारे मूळचे जोडक्रियापदच. पण मराठीने ते क्रियापद म्हणून न घेता नाम म्हणून घेतले आणि त्याला आपले ‘करणे’ किंवा ‘होणे’ लावले. चेकअप केले, ब्रेकडाउन झाले. ही मराठीची जुनी युक्ती आहे. परकी क्रिया घरात घ्यावयाची, पण तिची चालवणूक आपल्या क्रियापदाच्या हाती ठेवावयाची. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फारसीतून ‘मंजूर’ आणि ‘जप्त’ घेतले तेव्हाही आपण असेच ‘करणे’ लावले.

मात्र घेताना अर्थ सरकतो, तो ध्यानात ठेवला पाहिजे. तहसील कचेरीत ‘फाइल पुटअप केली’ म्हणजे साहेबांपुढे ठेवली. इंग्लंडमध्ये ‘पुट अप’ म्हणजे उभारणे, किंवा पाहुण्याला रात्रीपुरते घरी ठेवून घेणे. आपला मुलगा कॉलेजातून ‘पास आउट’ झाला म्हणजे आपण पेढे वाटतो; परदेशात हेच वाक्य ऐकून तो बेशुद्ध पडला की काय, असे विचारतील. लष्करी शिक्षण पुरे करणाऱ्यांच्या बाबतीत तेवढा तो प्रयोग तिकडेही चालतो. अर्ज आपण ‘फिल अप’ करतो, इंग्रज ‘फिल इन’ करतो आणि अमेरिकन ‘फिल आउट’ करतो. अर्ज मात्र तिघांचाही भरलेलाच असतो. आपला तो अर्थ चूक आणि त्यांचा बरोबर असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याशी बोलावयाचे त्याचा अर्थ ठाऊक असला पाहिजे, एवढेच म्हणतो.

विदर्भातल्या लहानमोठ्या गावांत आणखी एक जोड घरोघरी पोचली आहे, ती ‘ले-आउट’. शेतात ले-आउट पाडले, ले-आउटमध्ये प्लॉट घेतला, असे आपण सहज म्हणतो. ‘ले’ म्हणजे मांडून ठेवणे. ‘ले आउट’ म्हणजे पसरून, आखून मांडणे. जमिनीची आखणी केली ती ले-आउट. या ‘ले’ शब्दाला ‘आउट’ऐवजी ‘ऑफ’ लावा, आणि प्लॉटचा शब्द पोटाचा शब्द होतो. कारखान्याच्या फाटकावरचा ‘ले-ऑफ’ तो हाच.

येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण यात माणसांचे संसार अडकलेले आहेत. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा झाला आणि १९५३ साली त्याला दुरुस्ती होऊन ‘ले-ऑफ’ या शब्दाची व्याख्या कायद्यात आली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांची टंचाई, मालाचा साठा पडून राहणे, यंत्र बिघडणे अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम आहे आणि त्याला कमी केलेले नाही, ही ती स्थिती. म्हणजे काम थांबले, नोकरी थांबली नाही. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला, तो बदली किंवा नैमित्तिक नसेल तर, मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई त्या दिवसांसाठी द्यावी, असे त्या दुरुस्तीने ठरविले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा शब्द आणि ही निम्मी भरपाई कायम आहे. ‘हंगामी नसलेल्या’ हे शब्द आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावेत. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगमधल्या मजुराच्या वाट्याला ही भरपाई सहसा येत नाही.

नोकरी कायमची जाते तिला कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ असा वेगळा, भारी शब्द आहे. आपण तिला कामगार-कपात म्हणतो. तिला नोटीस वेगळी आणि भरपाईही वेगळी.

आता हा फरक न कळल्याने काय होते ते सांगतो. काही वर्षांमागे एका गावच्या गिरणीत विजेच्या टंचाईमुळे काम थांबले आणि फाटकावर इंग्रजी नोटीस लागली. तीत कामगारांना ‘लेड ऑफ’ केल्याचे लिहिले होते. शाळेत जाणाऱ्या एका मुलाने ती वाचून सांगितली, ‘ऑफ म्हणजे बंद, नोकरी बंद झाली.’ मुलाचा दोष नाही. त्याच्या घरी दिव्याच्या बटणावर ‘ऑफ’चा अर्थ तोच होता. लांबच्या खेड्यांतून आलेल्या काही जणांनी गावी परतावयाचे ठरविले. कारकुनाने त्यांच्यापुढे हिशेब चुकता केल्याचा कागद ठेवला. त्यात ‘स्वखुशीने काम सोडीत आहे’ असेही एक वाक्य होते. अर्थ त्यांनी विचारला नाही आणि कोणी सांगितला नाही. सह्या झाल्या, अंगठे झाले. तीन आठवड्यांनी वीज आली, गिरणी चालू झाली. थांबलेले कामावर गेले. सही केलेल्यांची नावे हजेरीपटावर उरली नव्हती. त्यांतल्या एकाने आम्हांस विचारले, ‘भाऊ, आम्हाला काढलं कोणी?’ त्याला कोणी काढले नव्हते. दोन अक्षरी ‘ऑफ’ने त्याला घरी पाठविले आणि त्याच्याच सहीने त्यावर शिक्का मारला.

येथे आणखी एक घोटाळा अलीकडे वाढला आहे. अमेरिकेत ‘ले-ऑफ’चा अर्थ हळूहळू सरकत नोकरीवरून कमी करणे असा झाला. पुण्या-हैदराबादच्या संगणक कंपन्यांतली मुले तो शब्द त्याच अर्थाने बोलतात आणि वर्तमानपत्रेही तसाच छापतात. म्हणजे एकाच घरात, गिरणीतल्या बापाच्या नोटिशीतला ले-ऑफ तात्पुरता आणि कंपनीतल्या मुलाच्या पत्रातला कायमचा. शब्द तोच, कागद कोणत्या कायद्याखाली निघाला हे पाहिल्यावाचून अर्थ लागत नाही.

‘लॉक’ या शब्दाचेही असेच आहे. पोलीस ठाण्यातला लॉकअप सर्वांना ठाऊक आहे. लॉकआउट म्हणजे मालकाने कामगारांशी झालेल्या तंट्यात तात्पुरते फाटक बंद करणे. त्यास आपण टाळेबंदी म्हणत आलो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभर लॉकडाउन झाला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी त्यासही टाळेबंदीच म्हटले. मराठी शब्द एक झाला, पण इंग्रजी अव्यये भांडत राहिली. ‘आउट’मध्ये माणूस फाटकाबाहेर राहतो, ‘डाउन’मध्ये घरात कोंडला जातो. पहिल्यात मालकाचा निर्णय, दुसऱ्यात सरकारचा हुकूम. जुना करारनामा किंवा निकाल वाचताना टाळेबंदी म्हणजे यांतली कोणती, हे आता मुद्दाम विचारावे लागते.

चळवळीच्या रोजच्या कामात तर एकेका क्रियापदाचे कुटुंबच भेटते. ‘कॉल’ घ्या. ‘कॉल आउट’ म्हणजे कामगारांना संपासाठी बाहेर बोलावणे, ‘कॉल फॉर’ म्हणजे मागणी करणे, ‘कॉल ऑन’ म्हणजे भेटीस जाणे किंवा आवाहन करणे, आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे पुकारलेले मागे घेणे. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. तो रीतसर ‘कॉल ऑफ’ झाल्याची घोषणा कधी झालीच नाही, असे सांगतात. ‘ब्रेक’चे पाहा. बोलणी ‘ब्रेक डाउन’ झाली म्हणजे आपोआप फिसकटली. ‘ब्रेक ऑफ’ केली म्हणजे कोणी तरी जाणून मोडली. पहिल्यात दोष कोणाचाच नाही असे सुचते, दुसऱ्यात तोडणाऱ्याचे नाव विचारले जाते. पत्रव्यवहारात हा शब्द निवडताना दोन्ही पक्षांचे वकील डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. मागणी ‘टर्न डाउन’ झाली म्हणजे फेटाळली गेली. सभेला माणसे ‘टर्न अप’ झाली म्हणजे हजर राहिली.

कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात आणखी एका जोडीची ओळख प्रत्येक घरी असली पाहिजे, ती म्हणजे ‘राइट ऑफ’. मघाशी लिहून घेणे आणि लिहून देणे पाहिले. हे इंग्रजीतले लिहून टाकणे म्हणावे. बँकेने एखादे कर्ज ‘राइट ऑफ’ केले, अशी बातमी आली की शेतकऱ्याला वाटते, कर्ज माफ झाले. तसे नाही. वसुलीची आशा उरली नाही म्हणून बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातील येण्यांतून कमी करते. कर्जदाराचे देणे त्यामुळे संपत नाही आणि वसुलीचा हक्कही राहतो. कर्ज माफ करणे याला इंग्रजीत ‘वेव्ह’ असा एकटा शब्द आहे. २००८ ची केंद्र सरकारची शेतकरी कर्जमाफी या दुसऱ्या प्रकारची होती. आपल्याकडे त्या शब्दालाही मागून ‘ऑफ’ चिकटवून ‘वेव्ह ऑफ’ म्हणण्याची सवय पडली आहे, आणि म्हणूनच दोन्ही शब्द सारखे वाटू लागले आहेत. एकात हिशेबाची वही स्वच्छ होते, दुसऱ्यात शेतकऱ्याचा सातबारा हलका होतो. बँकेच्या दारात या दोन वाक्यांतला फरक विचारून घेण्यास संकोच करू नये.

‘टेक ओव्हर’चे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, वणीच्या कोळसापट्ट्याला लागू पडणारे आहे. १९७३ साली कोळसा खाणींबाबत संसदेने दोन कायदे केले. पहिल्याच्या नावातच ‘टेकिंग ओव्हर’ हे शब्द आहेत, आणि ते व्यवस्थापनापुरते. म्हणजे सरकारने कारभार हाती घेतला. मालकी घेतली नव्हती. ती त्याच वर्षी दुसऱ्या, राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने घेतली. मुंबईतल्या तेरा गिरण्यांच्या बाबतीत १९८३ साली झाले तेही प्रथम व्यवस्थापनाचे ‘टेक ओव्हर’च. मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘सरकारने ताब्यात घेतले’ म्हणतो. घर राखावयास घेतले आणि घर विकत घेतले यांत जेवढे अंतर, तेवढेच येथे आहे.

आता ज्यांना हे बोलावयाचे आणि लिहावयाचे आहे त्यांच्यासाठी दोनचार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कर्माच्या जागेची. ‘पुट ऑफ’सारख्या जोडीत कर्म मध्ये बसू शकते. ‘पुट ऑफ द मीटिंग’ म्हटले तरी चालते आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ म्हटले तरी चालते. परंतु कर्म सर्वनाम असेल तर त्याने मध्येच बसले पाहिजे, म्हणजे ‘पुट इट ऑफ’; ‘पुट ऑफ इट’ कोणी म्हणत नाही. याच्या उलट ‘लुक आफ्टर’सारखी जोड फुटत नाही, ‘लुक आफ्टर हिम’ असेच म्हणावे लागते. कोणती फुटते आणि कोणती फुटत नाही याला पक्का नियम थोडाच आहे. कान तयार करणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट उच्चाराची. क्रियापद म्हणून बोलताना जोर मागच्या अव्ययावर पडतो. तीच जोड नाम झाली की जोर पुढच्या शब्दावर येतो आणि लिहिताना दोन शब्द बहुधा एक होतात. मालकाने कामगारांना ‘लॉक आउट’ केले, येथे ‘आउट’वर जोर, त्या घटनेला लॉकआउट म्हणताना ‘लॉक’वर जोर. इंग्रजाचे बोलणे कळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लहानसे अव्यय कानाने पकडण्याचा सराव करावा. पुष्कळदा तेवढ्यानेच वाक्य उलगडते.

तिसरी गोष्ट अव्ययांच्या स्वभावाची. ‘अप’मध्ये बहुधा काम पुरे झाल्याचा, ‘ऑफ’मध्ये वेगळे होण्याचा, ‘आउट’मध्ये बाहेर पडण्याचा किंवा संपण्याचा, ‘डाउन’मध्ये कमी होण्याचा, थांबण्याचा किंवा कागदावर उतरण्याचा, आणि ‘ओव्हर’मध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा भाव असतो. आपण टाकणे, बसणे, काढणे, घेणे यांचा भाव जसा ओळखतो तसाच तो ओळखावा. पण हा भाव म्हणजे अंदाज आहे, पुरावा नव्हे. आणि सहीच्या कागदावर अंदाज चालत नाही.

चौथी गोष्ट लेखनाची. जोडक्रियापद म्हणजे गावंढळ आणि भारी लॅटिन शब्द म्हणजे सभ्य, अशी एक समजूत आपल्या शाळांनी करून दिली आहे. ती अर्धीच खरी आहे. ‘फेड अप’ किंवा ‘पुट अप विथ’ हे शब्द साहेबाला लिहावयाच्या अर्जात शोभत नाहीत. तेथे दुसरा शब्द वापरावा. परंतु ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘ले ऑफ’, ‘टेक ओव्हर’ हे शब्द कायद्यातही आहेत. ते वापरताना बिचकू नये. उलट, शोभा यावी म्हणून उगाच अव्यय चिकटवू नये. ‘रिटर्न’मध्ये परत येणे आलेच, मग ‘रिटर्न बॅक’ कशाला? ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ची जरूर नाही. परत परतून येण्यासारखेच ते आहे.

शेवटची गोष्ट शिकण्याच्या रीतीची. सुटा शब्द पाठ करू नका. ‘टर्न’ म्हणजे वळणे, असे वहीत लिहून ठेवलेत तर उद्या ‘टर्न डाउन’ भेटल्यावर ती वही उपयोगी पडणार नाही. पूर्ण जोड, ती कोठे भेटली तो प्रसंग आणि तिचा मराठी अर्थ, अशा तीन रकान्यांची वही करा. बँकेतली जोड बँकेच्या पानावर, कारखान्यातली कारखान्याच्या पानावर. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही हेच करतो. महिन्याकाठी दहा-पंधरा जोडी झाल्या तरी पुष्कळ झाल्या. आणि घरात शिकलेले मूल असेल तर त्याला केवळ ‘वाचून दाखव’ म्हणू नका. ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ‘येथे याचा अर्थ काय?’ असे विचारा. त्याला सांगता आले नाही तर सही दुसऱ्या दिवशी करा. एका दिवसाने कोणाचे काही बिघडत नाही. आणि ज्याचे बिघडते असे तो म्हणतो, त्याच्या कागदावर तर सही मुळीच घाईने करू नका.

इंग्रजी ही विद्येची भाषा आहे की गुलामीची, यावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्याने झाली आहेत आणि पुढेही होतील. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. आपल्या मजुरीचे, कर्जाचे आणि जमिनीचे पुष्कळसे कागद आजही त्या भाषेत निघतात, आणि त्या कागदांतले निर्णय बहुधा दोनतीन अक्षरी शब्दांत असतात. सरकारने आणि मालकांनी हे कागद मराठीत द्यावेत ही मागणी आम्ही करीतच आहोत व करीत राहू. ती पुरी होईपर्यंत त्या लहान शब्दांकडे दुर्लक्ष करणे कष्टकरी माणसाला परवडणारे नाही.